एकट्याचा प्रोजेक्ट आणि व्हर्जन कंट्रोल

मित्रांनो, सबमिशनच्या आठवड्यात लॅबमधला कोणताही कॉम्प्युटर उघडून बघा. डेस्कटॉपवर हमखास असे फोल्डर दिसतील : प्रोजेक्ट, प्रोजेक्ट न्यू, प्रोजेक्ट फायनल, प्रोजेक्ट फायनल २, प्रोजेक्ट फायनल लेटेस्ट हाच बघा! यातला खरा फायनल कोणता हे फक्त एकालाच माहीत असतं, आणि दोन महिन्यांनी त्यालाही माहीत नसतं.

यावरचा उपाय म्हणजे व्हर्जन कंट्रोल. पण आपल्याकडे एक समज पक्का झालेला आहे. हे सगळं मोठ्या कंपनीतल्या टीमसाठी असतं, आपण एकटे कोड लिहितो, आपल्याला कशाला पाहिजे? या लेखात मला उलटं सांगायचं आहे. एकट्यालाच त्याची गरज जास्त असते. टीममध्ये निदान शेजारच्याला विचारता येतं, "अरे, ही लाइन का बदलली होती?" एकट्याने कोणाला विचारायचं? सहा महिन्यांपूर्वी ती लाइन लिहिणारे आपण आज उत्तर द्यायला हजर नसतो.

लेखाच्या भाषेबद्दल एक सूचना. माझं शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, त्यामुळे शब्द लॅबमध्ये बोलतो तेच ठेवले आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत करायच्या. '--' म्हणजे दोन डॅश, जागा न सोडता.

आधी एक उदाहरण घेऊ

समजा, तुम्ही गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहिला आहे. आपल्या जिल्ह्यात असं काम अनेकांना मिळू शकतं. दूध किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती हे टाकायचं, दरपत्रकावरून भाव निघतो आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल तयार होतं. काम सोपं वाटतं ना?

आता समजा, मशीनवर फॅट ३.७५ आलं. प्रोग्रॅम आधी ते ३.८ धरत होता. मध्येच एका दिवशी तुम्ही दुसरंच काहीतरी दुरुस्त करताना ते ३.७ धरलं जाऊ लागलं. एका पॉइंटला लिटरमागे ३० पैसे फरक धरू. रोज ४० लिटर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत दहाही दिवस असंच घडलं, तर ४०० लिटरवर त्याचे १२० रुपये कमी होतात. प्रोग्रॅम बंद पडत नाही, एरर येत नाही, बिल छान छापून येतं. फक्त पैसे कमी येतात.

एक दिवस तो शेतकरी केंद्रावर येऊन विचारतो, "मागच्या हप्त्याला कोणत्या हिशोबाने बिल काढलं?" सेक्रेटरी तुम्हाला फोन लावतो. आता 'फायनल' आणि 'फायनल २' यांतल्या कोणत्या फोल्डरमधून ते बिल निघालं होतं? बदल कधी झाला? का झाला? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर नुकसान भरून तरी किती जणांना द्यायचं आणि कोणत्या तारखेपासून? थोडक्यात, प्रश्न तुमच्या मार्कांचा राहत नाही, दुसऱ्याच्या घामाच्या पैशाचा होतो.

कॉपी म्हणजे इतिहास नव्हे

पाच फोल्डर म्हणजे पाच कॉपी. त्यांना क्रम नाही, तारखेचा भरवसा नाही आणि कारण तर कुठेच लिहिलेलं नाही. हा प्रश्न कॉम्प्युटरच्याही फार आधीचा आहे, आणि त्याचं एक मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात सुरू होतं.

प्रवरेकाठच्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली अशी परंपरा आहे. पुढे हातांनी नकला होत गेल्या. एकाने एक शब्द बदलला, दुसऱ्याने ओवी गाळली, तिसऱ्याने स्वतःची घातली. शेवटी अशी वेळ आली की प्रती पुष्कळ, पण मूळ कोणतं ते कळेना. तेव्हा पैठणच्या संत एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, वेगवेगळ्या प्रती पाहून शुद्ध प्रत तयार केली. म्हणजे २९४ वर्षांनी!

आता यातली गंमत बघा. नाथांनी प्रतीच्या शेवटी हे काम कोणी केलं, कोणत्या शकात केलं आणि कशासाठी केलं, हे लिहून ठेवलं. यात कोणी आपली ओवी घालू नये असंही बजावलं. आपल्या भाषेत बोलायचं तर लेखकाचं नाव, तारीख आणि मेसेज असलेला तो एक व्यवस्थित कमिटच आहे! पण आधीच्या प्रतींत नेमका कोणता शब्द होता आणि त्यांनी तो कसा बदलला, याची ओळीओळीची नोंद मात्र त्यात नाही.

ती नोंद ठेवण्याची पद्धत पुढे पुण्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. वर स्वीकारलेला पाठ, खाली तळटीपेत कोणत्या प्रतीत कोणता वेगळा शब्द आहे त्याची यादी. 'गिट डिफ' ही कमांड आपल्याला जे क्षणात दाखवते, ते काम त्या विद्वानांनी ४७ वर्षं हाताने केलं.

म्हणून व्हर्जन कंट्रोलची व्याख्या मी अशी करेन : कॉपी, अधिक क्रम, अधिक कारण. यातलं एक जरी नसलं तरी तो इतिहास होत नाही.

कोणतं टूल निवडायचं?

एकट्यासाठी पर्याय बरेच आहेत. एकेक पाहू.

१) झिप करून ठेवणे : काहीच नसण्यापेक्षा बरं. पण क्रम आणि कारण दोन्ही तुमच्या डोक्यात राहतं.

२) गूगल ड्राइव्हसारखी जागा : बॅकअप म्हणून ठीक. पण तिथे साध्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच आपोआप राहतात. शिवाय प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा. प्रोग्रॅम दहा फाइल्स मिळून चालतो, मंगळवारी त्या दहाही कशा होत्या हे एकदम परत आणता येत नाही.

३) आरसीएस : वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास केलेलं हे जुनं टूल. हेही एकेका फाइलचा इतिहास ठेवतं. एखादीच स्क्रिप्ट असेल तर आजही चालेल, पण पूर्ण प्रोजेक्टला अपुरं.

४) सबव्हर्जन : २००० साली सुरू झालेलं. पूर्ण प्रोजेक्टचा इतिहास एका मध्यवर्ती रिपॉझिटरीत राहतो. ती रिपॉझिटरी दूरच्या सर्व्हरवर असेल आणि नेट गेलं, तर कमिट होत नाही. आपल्या गावाकडचं नेट आणि लाइट यांचा विचार केला तर ही अडचण मोठी आहे.

५) मर्क्युरिअल आणि गिट : दोन्ही एप्रिल २००५ मधली भावंडं. लिनक्सवाले बिटकीपर नावाचं टूल वापरत होते, त्याची फुकट सोय बंद झाली. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिलं, तर मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल. दोन्हींत पूर्ण इतिहास तुमच्याच लॅपटॉपवर असतो, कमिट करायला नेट लागत नाही. मर्क्युरिअलच्या कमांड शिकायला सोप्या आहेत, पण बिटबकेटने २०२० मध्ये त्याचा सपोर्ट बंद केला, त्यामुळे ऑनलाइन ठेवायच्या जागा कमी झाल्या.

६) फॉसिल : एसक्यूलाइटचे निर्माते रिचर्ड हिप यांचं. पूर्ण रिपॉझिटरी एकाच फाइलमध्ये, सोबत विकी आणि बगची यादी. एकट्या माणसासाठी खरोखर छान आहे.

माझं मत विचाराल तर गिट घ्या. ते सर्वांत सोपं आहे म्हणून नव्हे. ते बहुतेक एडिटरमध्ये जोडलेलं येतं, अडलात तर शेजारच्या बेंचवर कोणीतरी सांगू शकतं, आणि पुढे नोकरीत तेच भेटण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण ज्याला फॉसिल आवडलं त्याने ते खुशाल वापरावं. टूल बदलता येतं, न लिहिलेला इतिहास मात्र नंतर तयार करता येत नाही.

सेटअप : पंधरा मिनिटांचं काम

गिट इन्स्टॉल झालं की आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. विंडोजवर 'गिट बॅश' सोबतच मिळतं. मग :

गिट इनिट -बी मेन

यामुळे फोल्डरमध्ये '.गिट' नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो. सगळा इतिहास त्यातच असतो, म्हणून तो कधीही डिलीट करायचा नाही. 'मेन' हे मुख्य शाखेचं नाव. गिटहबने २०२० पासून नवीन रिपॉझिटरीला हेच नाव द्यायला सुरुवात केली, म्हणून आपणही तेच ठेवू.

गिट कॉन्फिग युजर.नेम "तुमचं नाव"
गिट कॉन्फिग युजर.ईमेल "तुमचा मेल"

इथे नीट लक्ष द्या! पुस्तकात ही कमांड '--ग्लोबल' लावून दिलेली असते. स्वतःच्या लॅपटॉपवर ते बरोबर आहे. पण लॅबच्या सामायिक लॉगिनवर ग्लोबल लावलं, तर तुमच्यानंतर बसणाऱ्याचे कमिट तुमच्या नावावर पडतील, आणि आधीच्याने लावलं असेल तर तुमची मेहनत त्याच्या नावावर! म्हणून लॅबमध्ये ग्लोबल न लावता, प्रोजेक्टपुरतंच नाव सेट करा.

पुढची पायरी '.गिटइग्नोर' नावाची फाइल. जे इतिहासात नको, त्याची यादी यात लिहायची : कंपाइल होऊन तयार होणाऱ्या फाइल्स, डाउनलोड केलेल्या लायब्ररींचे फोल्डर, आणि पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल. दूध केंद्राच्या उदाहरणात शेतकऱ्यांची नावं, खाते क्रमांक आणि रोजच्या नोंदी असलेला डेटाबेसही इथेच. त्याचा बॅकअप रोज वेगळा घ्यायचा, गिटमध्ये तो टाकायचा नाही. ही फाइल पहिल्या कमिटच्या आधी करा, कारण एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर खोडला तरी जुन्या इतिहासात तो राहतोच. तसं झालं तर पासवर्डच बदलायचा.

गिट स्टेटस
गिट ॲड .
गिट कमिट -एम "बिलाचा चालू प्रोग्रॅम, जसा केंद्रावर आहे तसा"

झाला पहिला कमिट! आणि हो, तुमच्या फाइल्सची नावं मराठीत असतील तर स्टेटसमध्ये नावाऐवजी '\३४०\२४४' असे आकडे इंग्रजीत दिसतील. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. गिट देवनागरी अक्षराचे बाइट आकड्यांत दाखवत असतं. 'गिट कॉन्फिग कोअर.कोटपाथ फॉल्स' ही कमांड दिली की नावं मराठीत दिसायला लागतात.

रोजची सवय

एक कारण, एक कमिट. दर दुरुस्त केला आणि बटणाचा रंग बदलला, तर ते दोन कमिट करा. नंतर फक्त रंग मागे घ्यायचा असेल तर दराला हात लागणार नाही.

मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. काय बदललं ते डिफ सांगतोच. "अपडेट", "चेंजेस", "फायनल" हे मेसेज निरुपयोगी. "फॅटचा दुसरा आकडा ५ किंवा जास्त असेल तर वर धरायचा, सेक्रेटरींनी १ जूनला सांगितलं" हा मेसेज उपयोगाचा. मराठीत लिहिला तरी चालतो.

कमिट करण्याआधी 'गिट डिफ' बघायची सवय लावा. तिच्यात लाल ओळी गेलेल्या आणि हिरव्या ओळी आलेल्या दिसतात. आपलाच पेपर देण्याआधी एकदा वाचून बघावा, तसं हे आहे.

दर वेळी बिल काढलं की टॅग लावा : गिट टॅग बिल-१०-जून. पुढे कधीही 'गिट स्विच --डिटॅच बिल-१०-जून' म्हटलं की प्रोग्रॅम त्या दिवशी होता तसाच समोर येतो. 'गिट स्विच मेन' म्हटलं की आजच्या जागी परत. शेतकऱ्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं.

काही नवीन प्रयोग करायचा असेल तर वेगळी शाखा काढा : गिट स्विच -सी प्रयोग. जमला तर मेनमध्ये मर्ज करा, नाही जमला तर सोडून द्या. चालू प्रोग्रॅमला धक्का लागत नाही.

बिघाड शोधायचा कसा?

दुसरा प्रश्न होता, बदल कधी झाला? समजा, १० जूनचं बिल बरोबर होतं, आज चूक आहे, आणि मध्ये ६४ कमिट झाले आहेत. एकेक तपासत बसायचं का? नाही. गिट बायसेक्ट वापरा :

गिट बायसेक्ट स्टार्ट
गिट बायसेक्ट बॅड
गिट बायसेक्ट गुड बिल-१०-जून

गिट तुम्हाला बरोबर मधल्या कमिटवर नेऊन ठेवतं. तुम्ही ३.७५ फॅट टाकून बघायचं आणि गुड किंवा बॅड सांगायचं. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. आपण डेटा स्ट्रक्चरमध्ये शिकलेला बायनरी सर्चच हा! ६४ मधून साधारण ६ वेळा तपासून दोषी कमिट हातात येतो. काम झालं की 'गिट बायसेक्ट रीसेट'. त्या कमिटची तारीख आणि मेसेज वाचला की कधी आणि का, दोन्ही कळतं. आता सेक्रेटरीला सांगता येईल की अमुक दिवसापासूनची बिलं पुन्हा काढा आणि फरक देऊन टाका.

कमिटवर विश्वास का ठेवायचा, हेही समजून घ्या. प्रत्येक कमिटला ४० अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो आतल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या क्रमांकावरून तयार होतो. मधला एखादा कमिट कोणी गुपचूप बदलला, तर त्याचा आणि पुढच्या सगळ्यांचा क्रमांक बदलतो. म्हणजे नंतर घुसवलेली ओवी लगेच उघडी पडते, पण केव्हा? आधीचे क्रमांक असलेली प्रत दुसरीकडे कुठेतरी असेल तेव्हा. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा.

दुसरी जागा

इतिहास कितीही सुंदर ठेवला आणि लॅपटॉपच गेला तर? इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळवून तिच्यावरून १९०९ मध्ये आवृत्ती छापली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही, पण छापलेली आवृत्ती असल्यामुळे तिचा पाठ टिकला. हाच बॅकअपचा नियम : किमान तीन ठिकाणं असावीत. लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि ऑनलाइन.

पेन ड्राइव्हसाठी सर्वांत सोपी कमांड ही :

गिट बंडल क्रिएट दूध.बंडल --ऑल

यातून सगळे कमिट, शाखा आणि टॅग असलेली एकच फाइल बनते. ती कॉपी करायची. दुसऱ्या मशीनवर 'गिट क्लोन दूध.बंडल' म्हटलं की सगळं परत. नेट लागत नाही.

ऑनलाइनसाठी गिटहब किंवा गिटलॅबवर प्रायव्हेट रिपॉझिटरी करा. गिटहबवर २०१९ पासून ती फुकट मिळते. मग 'गिट रिमोट ॲड ओरिजिन' आणि पुढे तिचा पत्ता, त्यानंतर 'गिट पुश -यू ओरिजिन मेन'. टॅग आपोआप जात नाहीत, त्यांच्यासाठी 'गिट पुश --टॅग्ज' वेगळं द्यायचं. गिटहब १३ ऑगस्ट २०२१ पासून पुश करताना अकाउंटचा साधा पासवर्ड घेत नाही, टोकन किंवा एसएसएच की लागते. विंडोजवर ब्राउझर उघडून साइन इन होतं आणि ते लक्षात ठेवलं जातं. लॅबच्या मशीनवर काम झालं की कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ते काढून टाका.

तीन सावधगिऱ्या

पहिली : '.गिट' असलेला फोल्डर ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. सिंक अर्धवट राहिलं तर रिपॉझिटरी बिघडू शकते.

दुसरी : 'गिट रीसेट --हार्ड' आणि 'गिट रिस्टोर' कमिट न केलेलं काम पुसून टाकतात, ते गिट परत आणू शकत नाही. कमिट झालेलं मात्र 'गिट रिफ्लॉग' वापरून बहुतेक वेळा सापडतं. म्हणून शंका आली की आधी कमिट.

तिसरी : महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या फोल्डरमध्ये क्लोन करून प्रोग्रॅम खरंच चालतो का ते बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न बघितलेला स्टार्टर, गाडी बंद पडल्यावरच कळतं!

तर मित्रांनो, व्हायवाला एक्स्टर्नल सर विचारतात, "यातलं तुम्ही स्वतः काय केलं?" तेव्हा 'गिट लॉग' उघडून दाखवता येईल : कोणत्या दिवशी काय केलं, का केलं, कुठे अडलो आणि कसं सुटलो. पण त्यासाठी पहिला कमिट सबमिशनच्या आदल्या रात्री करून चालणार नाही. आज संध्याकाळी प्रॅक्टिकल संपलं की आपल्या चालू प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा, इग्नोरची फाइल लिहा, 'गिट इनिट' करा आणि पहिला मेसेज नीट लिहा. अडलात तर लॅबमध्ये भेटूच.